एकच साइट सगळ्या फोनांवर नीट चालवायची, तर कामाचा क्रम असा ठेवा

साइट तयार झाली की बहुतेक जण लॅपटॉपवर क्रोमची खिडकी माउसने ओढून अरुंद करतात, मजकूर एकाखाली एक बसला की "मोबाइलवर चालतंय" म्हणतात आणि साइट चालू करून टाकतात. मग फोन यायला लागतात. कुणाच्या आयफोनवर बटण दिसत नाही, कुणाला ओटीपी टाकता येत नाही, सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर अर्धं पान उघडंबोडकं दिसतं. मग एकेका तक्रारीला ठिगळ लावणं सुरू होतं, आणि एका ठिकाणी लावलेलं ठिगळ दुसरीकडे उसवतं.

मी दादरला बसून छोट्या धंद्यांच्या साइट करते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइटमध्ये कोड वाईट असतो असं नाही, कामाचा क्रम चुकलेला असतो. कुठल्या फोनांवर चालवायचं हे ठरवलेलंच नसतं, आणि तपासणी अगदी शेवटी, घाईत झालेली असते. म्हणून इथे सगळं क्रमाने देते आहे. उदाहरण एकच धरू: दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणारी मराठी साइट. गिऱ्हाईक पदार्थ निवडतं, पत्ता लिहितं, ओटीपीने नंबर पडताळतं, यूपीआयने पैसे भरतं आणि पावती घेतं.

कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत जातील.

## १. पहिली ओळ लिहिण्याआधी: उघडणार कोण आणि कशावर?

साइट "सगळीकडे" चालवायची असं ठरवलं की ती कुठेच नीट तपासली जात नाही. एक कागद घ्या आणि गिऱ्हाइकांची यादी करा. फराळाच्या साइटची माझी यादी अशी होती: लोकलमध्ये उभ्याने एका हाताने फोन धरलेली नोकरदार बाई (स्वस्त अँड्रॉइड, ३६० पिक्सेल रुंदी), घरी आयफोन वापरणारा मुलगा, मुलाने दिलेला जुना आयफोन वापरणारे आजोबा, ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवरून पंचवीस डब्यांची ऑर्डर देणारा माणूस, आणि झेरॉक्सच्या दुकानातला किंवा सोसायटीच्या ऑफिसातला जुना संगणक.

आता प्रत्येकासमोर इंजिन लिहा. ब्राउझर डझनभर दिसले तरी पान रंगवणारी इंजिनं मुख्यतः तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट एकाच क्रोमियमवर चालतात. फायरफॉक्सचं गेको वेगळं. सफारीचं वेबकिट वेगळं. आपल्याकडे आयफोनवरचा क्रोमसुद्धा आतून वेबकिटच वापरतो. त्यामुळे "आयफोनवर क्रोम टाकून बघा" हा सल्ला गिऱ्हाइकाला देऊ नका, फरक पडणार नाही.

यादीत सगळ्यात जुनं काय चालवायचं त्याची रेघ इथेच मारा. दोन रेघा मला नेहमी उपयोगी पडतात. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे, त्याच्या पुढे जात नाही. आणि आयफोन ७ आयओएस (आयफोनची सिस्टिम) १५ वर थांबला आहे. सफारी फोनच्या सिस्टिमबरोबरच अद्ययावत होत असल्यामुळे त्या फोनवर नवी सफारी कधीच येणार नाही. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र खोडून टाका. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर ११ चा पाठिंबा थांबवला.

मग कुठलीही नवी सोय वापरण्याआधी "कॅन आय यूज" किंवा "एमडीएन" या साइटवर (कुठली सोय कुठल्या ब्राउझरात चालते ते तिथे कळतं) ती या रेघेच्या आत बसते का ते बघा. सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं, हे चांगलं उदाहरण. लिहायला फार सोयीचं, पण क्रोममध्ये ते ११२ पासून आणि सफारीत १६.५ पासून आलं. वरच्या दोन्ही रेघांच्या बाहेर. तसंच लिहून पाठवलंत तर जुना ब्राउझर ते नियम निमूटपणे टाकून देतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. नेस्टिंग हवंच असेल तर बिल्ड करताना (ब्राउझरला पाठवायच्या अंतिम फाइल तयार होताना) साध्या सीएसएसमध्ये रूपांतर होऊ द्या. ब्राउझर्सलिस्टच्या (कुठले ब्राउझर चालवायचे ते लिहायच्या) फाइलमध्ये तुमची रेघ लिहिलीत की ऑटोप्रीफिक्सर आणि बेबेल ही सीएसएस आणि जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणारी साधनं तीच वाचतात.

इथे थांबून बघा: कागदावर किमान तीन इंजिनं, एक जुना आयफोन, एक स्वस्त अँड्रॉइड आणि एक विंडोज लॅपटॉप आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. हाताशी काय ठेवायचं

महागडी प्रयोगशाळा लागत नाही. स्वतःचा फोन असतोच. त्याच्या जोडीला कमी रॅमचा एक जुना अँड्रॉइड ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटला वापरलेले फोन मिळतात. घेताना काच तडकलेली चालेल, पण टच सगळ्या कोपऱ्यांत नीट चालतो का ते बोट फिरवून बघा, आणि सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती वाचा. जुना आयफोन विकत घेण्यापेक्षा नात्यात किंवा शेजारी विचारा. कुणाच्या तरी कपाटात असतोच.

अँड्रॉइडवर "बिल्ड नंबर"वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा. फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासता येतं. आयफोनसाठी हीच सोय मॅकच्या सफारीत आहे. मॅक नसेल तर प्लेराइट हे मोफत साधन विंडोजवरही वेबकिट चालवतं. ती हुबेहूब आयफोनची सफारी नव्हे, तरी वेबकिटच्या बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातात. उरलेल्यांसाठी ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर खरे फोन काही वेळापुरते भाड्याने मिळतात.

सावधान: क्रोममधलं फोनचं चित्र दाखवणारं साधन मुख्यतः रुंदी आणि टच यांची नक्कल करतं. वर "आयफोन" लिहिलेलं असलं तरी आत इंजिन क्रोमचंच असतं. मांडणी बघायला ते ठीक आहे, "आयफोनवर तपासलं" म्हणायला नाही.

## ३. पाया: चार ओळी, आणि त्या आधीच

दुरुस्तीला आलेली साइट मी आधी इथे बघते, कारण निम्मी रडगाणी इथेच संपतात.

पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे पान कुठल्या नियमांनी वाचायचं ते ब्राउझरला सांगणारी. ती नसेल, किंवा तिच्याआधी काही छापलं जात असेल, तर ब्राउझर जुन्या सवयींच्या क्वर्क्स मोडमध्ये जातो आणि मापं बदलतात. दुसरी अक्षरसंचाची, यूटीएफ-८. तिसरी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं त्याची: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १. ही नसेल तर आयफोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते आक्रसून दाखवतो, आणि मग तुमच्या मीडिया क्वेरींना (पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणाऱ्या नियमांना) काही अर्थ राहत नाही. चौथी, एचटीएमएल टॅगवर भाषा म्हणून एमआर. ती का लागते ते पाचव्या टप्प्यात येईल.

व्ह्यूपोर्टच्या ओळीत झूम बंद करणारा पर्याय घालू नका. डिझाइन "हलू नये" म्हणून लोक तो घालतात आणि चष्म्याशिवाय वाचणाऱ्या माणसाचा एकमेव आधार काढून घेतात. सफारी तो पर्याय आयओएस १० पासून मानतही नाही.

यानंतर सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि किनार रुंदीतच मोजली जाईल.

## ४. मांडणी: रुंदी आधी, उंची नंतर

३२० पिक्सेलपासून सुरुवात करा आणि वर जा. उलट जाऊ नका. मोठ्या पडद्याचं डिझाइन लहान करताना प्रत्येक नियम रद्द करणारा दुसरा नियम लिहावा लागतो, आणि त्या गुंत्यात कुठला फोन कुठे फसला ते कळत नाही. फोनची नावं बघून ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी, ठरवू नका. पडदा हळूहळू रुंद करत न्या आणि पदार्थांच्या पाट्या जिथे विचित्र ताणलेल्या दिसतील तिथे ब्रेकपॉइंट द्या.

आडवं स्क्रोल येणं ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार. तिची तीन कारणं मला पुन्हा पुन्हा सापडतात. एक, रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिलेली असते. बऱ्याच विंडोज संगणकांवर स्क्रोलबार स्वतःची जागा खातो, १०० व्हीडब्ल्यू ती जागा वजा करत नाही, आणि पान तेवढंच बाहेर येतं. फोनवर आणि मॅकवर स्क्रोलबार सहसा पानावर तरंगतो, म्हणून करणाऱ्याला ते कधी दिसत नाही. तिथे साधं १०० टक्के वापरा. दोन, फ्लेक्स या मांडणीतला घटक आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. त्याला मिन-विड्थ शून्य द्या. ग्रिडमध्ये नुसत्या १ एफआरऐवजी मिनमॅक्स शून्य ते १ एफआर. तीन, एखादी लांबलचक लिंक किंवा ईमेल. तिथे ओव्हरफ्लो-रॅप.

सावधान: आडवं स्क्रोल लपवायला बॉडीला किंवा बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन लावू नका. दुखणं झाकलं जातं, आणि वर चिकटून राहायला हवी ती पट्टी स्टिकी असूनही चिकटेनाशी होऊ शकते. मग माणूस दोन दिवस स्टिकीला दोष देत बसतो.

लॅपटॉपही विसरू नका. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर विंडोजने १२५ टक्के आकार ठेवलेला असेल, तर ब्राउझरला मिळते जेमतेम १०९३ गुणिले ६१४ ची जागा, आणि त्यातूनही टॅब आणि पट्ट्या वजा. उंच पॉपअप तिथे हमखास कापला जातो, आणि "ऑर्डर द्या" बटण खाली अडकून बसतं. पॉपअपला कमाल उंची आणि आत स्क्रोल दिलंच पाहिजे.

आता उंची. फोनवर पत्त्याची पट्टी येते-जाते, पण १०० व्हीएच हे उंचीचं माप पट्टी नसतानाची पूर्ण उंची धरतं. म्हणून तळाशी ठेवलेलं बटण पट्टीमागे जातं. त्यासाठी पट्टीप्रमाणे बदलणारं डीव्हीएच हे माप आहे, सफारी १५.४ आणि क्रोम १०८ पासून. आधी १०० व्हीएचची ओळ लिहा, तिच्या खाली १०० डीव्हीएचची. ज्याला दुसरी कळत नाही तो पहिली वापरेल. क्रम उलटा केलात तर सगळेच १०० व्हीएचवर येतील.

फराळाच्या साइटवर माझी चूक याच जागी झाली. एकूण रक्कम आणि "पुढे" बटण असलेली पट्टी मी तळाशी फिक्स्ड ठेवली होती. पत्ता लिहिताना कीबोर्ड वर आला की ती पट्टी कीबोर्डमागे जायची. आयफोनवर असंच होतं, आणि क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवरही. कीबोर्ड खाली करायचा असतो हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ऑर्डर दिली, बाकीच्यांनी पान बंद केलं. किती जण गेले ते कळायला मार्गच नव्हता. धनत्रयोदशीच्या आधीच्या त्या आठवड्याची मला अजून खंत वाटते. आता मी फॉर्मच्या पानावर तरंगती पट्टी ठेवतच नाही. बटण शेवटच्या रकान्याखाली, मजकुराच्या ओघात ठेवते.

इथे थांबून बघा: खऱ्या फोनवर पत्त्याच्या रकान्यात बोट ठेवा. कीबोर्ड वर असताना फक्त स्क्रोल करून बटणापर्यंत पोचता येतं का?

## ५. देवनागरी: इथे इंग्रजी मार्गदर्शक मदत करत नाहीत

फॉन्ट ठरवताना त्यात देवनागरी आहे का ते आधी बघा. फॉन्टच्या फाइलचा फक्त लॅटिन भाग जोडलेला असेल तर इंग्रजी शब्द तुमच्या फॉन्टमध्ये दिसतील आणि मराठी मजकूर फोनकडे असेल त्या फॉन्टमध्ये. विंडोजवर निर्मला, अॅपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची उंची-रुंदी निराळी, त्यामुळे एकाच बटणावरची ओळ एका फोनवर मावते आणि दुसऱ्यावर तुटते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता असा मुक्त परवान्याचा फॉन्ट देवनागरी भागासकट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. जाड वजन वापरणार असाल तर त्या वजनाची फाइलही जोडा. नाहीतर ब्राउझर अक्षरं स्वतःच फुगवतो आणि लहान आकारात "क्ष", "ह्म", "द्ध" यांच्या पोकळ्या बुजतात.

ओळीची उंची १.६ च्या खाली नेऊ नका. बटणाला ठरीव उंची देऊ नका, पॅडिंग द्या. नाहीतर खालचे उकार आणि वरचे रफार छाटले जातात, आणि हे सगळ्या ब्राउझरांत सारखं होत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंगचा नियम मराठी मजकुरावरून काढून टाका. इंग्रजी टेम्प्लेट घेतलं की शीर्षकांना तो असतोच, आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात.

चौथ्या ओळीतली भाषा इथे कामाला येते. मराठी वळणाचे "ल" आणि "श" हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत तो भाषा बघून निवड करतो. तिथे एचआय राहून गेलं, तर मराठी वाचकाला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

अर्धा र हा वेगळा विषय. "दुसऱ्या" लिहायच्या दोन पद्धती आहेत: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण वापरून. दिसायला दोन्ही सारख्या, पण शोधताना एक दुसरीशी जुळत नाही. आणि "नको असलेले अदृश्य वर्ण काढा" असं सांगणारा एखादा सफाईचा कोड तो जोडणारा वर्ण खाऊन टाकतो. मग "दुसऱ्या मजल्यावर" हा पत्ता "दुसर्या मजल्यावर" असा छापला जातो. मजकूर साठवण्याआधीच एक रूप ठरवा आणि दुसऱ्याचं त्यात रूपांतर करा. "ॲप"मधला ॲ युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये आला. फारच जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो.

गिऱ्हाईक मजकूर वर्ड फाइलमध्ये देत असेल तर तो युनिकोडमध्येच आहे ना ते विचारा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तुमच्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे छान दिसतो, दुसरीकडे इंग्रजी अक्षरांचा खच.

इथे थांबून बघा: एक चाचणी-पान करा आणि त्यावर "दुसऱ्या, तऱ्हा, ॲप, कर्तृत्व, ब्रह्म, श्रीखंड, ऑर्डर्स, चकल्या, अनारसे" हे शब्द शीर्षक, बटण आणि रकाना अशा तिन्ही ठिकाणी छापा. यादीतल्या प्रत्येक फोनवर ते उघडा.

## ६. फॉर्म

रकान्यातल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर आयफोन रकान्यात बोट ठेवताच पान मोठं करतो आणि ते तसंच राहतं. झूम बंद करून हे सोडवू नका, आकार १६ करा.

मराठी कीबोर्डवरून आकडे देवनागरीत येऊ शकतात. मोबाइल नंबर तपासणारा तुमचा नियम फक्त ० ते ९ चे इंग्रजी आकडे ओळखतो, कारण जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमातलं) आकड्याचं चिन्ह देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही. गिऱ्हाइकाला "नंबर चुकीचा आहे" असं दिसतं. नंबर तर बरोबर असतो, आणि बिचारं माणूस पुन्हा पुन्हा तोच टाकत राहतं. तपासण्याआधी देवनागरी आकड्यांचं रूपांतर करा, सर्व्हरवरही. नंबरच्या रकान्याला टेल हा प्रकार द्या. ओटीपीच्या रकान्याला इनपुटमोड न्यूमेरिक आणि ऑटोकम्प्लीट वन-टाइम-कोड दिलंत, की आयफोन एसएमएसमधला आकडा कीबोर्डवरच सुचवतो.

ओटीपीचे सहा वेगळे चौकोन करू नका. दिसायला सुंदर, पण पेस्ट केलं की पहिल्यात एकच आकडा जातो आणि मागे खोडणं प्रत्येक कीबोर्डवर निराळं चालतं. एकच रकाना ठेवा.

बोटाने दाबायची जागा वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ नियमांत किमान २४ पिक्सेल सांगितली आहे. मी अॅपलचं ४४ हे माप धरते. लोकलच्या धक्क्यात २४ वर अंगठा बसत नाही.

## ७. जावास्क्रिप्ट: एक ओळ अख्खं पान पाडते

सीएसएसमधलं न कळलेलं ब्राउझर सोडून देतो. जावास्क्रिप्टमधली न कळलेली एक रचना मात्र अख्खी फाइल बंद पाडते. सगळ्यात फसवं उदाहरण रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या लुकबिहाइंडचं, म्हणजे आधी काय आलं आहे ते मागे वळून तपासणाऱ्या रचनेचं. सफारीत ते १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून आलं. त्याआधीच्या सफारीत पान दिसतं, बटणं दिसतात, दाबली की काहीच होत नाही. बेबेल याचं रूपांतर करत नाही, आणि बऱ्याचदा ते तुमच्या कोडमध्ये नसून आणलेल्या एखाद्या लायब्ररीत असतं. बिल्ड झालेल्या फाइलमध्ये ते शोधा.

इथे एक गोंधळ मिटवायला हवा. रूपांतर आणि पॉलिफिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या लेखनपद्धतीचं जुन्यात रूपांतर होतं. जे फंक्शन ब्राउझरात नाहीच ते वेगळं आणून द्यावं लागतं, तो पॉलिफिल. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही.

सावधान: पॉलिफिल दुसऱ्याच्या पत्त्यावरून थेट जोडू नका. पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता असंख्य साइट वर्षानुवर्षं वापरत होत्या. जून २०२४ मध्ये त्यावरून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. कुठे ही जुनी ओळ राहिली असेल तर आजच काढा.

रकमा दाखवताना भाषा स्पष्ट लिहा. टू-लोकेल-स्ट्रिंगला भाषा दिली नाही तर फोनची भाषा वापरली जाते, आणि मराठीत ठेवलेल्या फोनवर "१,२००" असं देवनागरीत येतं. दिसायला छान. पण तेच अक्षरी मूल्य वाचून बेरीज करायला गेलात तर उत्तर आकडा येतच नाही. दाखवायची रक्कम आणि हिशेबाची रक्कम कायम वेगळी ठेवा.

तारखेचंही तसंच. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये रिकामी जागा ठेवून लिहिलेली अक्षरं क्रोम वाचतो, जुनी सफारी "अवैध तारीख" म्हणते. मध्ये टी घाला. नुसती तारीख दिली तर ती जागतिक वेळेप्रमाणे धरली जाते. अमेरिकेतला मुलगा दादरच्या आईसाठी ऑर्डर देतो तेव्हा त्याला पोचवण्याचा दिवस एक दिवस आधीचा दिसतो, तो यामुळे. वेळेबरोबर +०५:३० लिहा.

## ८. पैसे आणि पावती

यूपीआयची थेट लिंक फोनवर पैशांचं ॲप उघडते. लॅपटॉपवर उघडायला ॲपच नसतं, तिथे क्यूआर लागतो. आणि इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरची लिंक दाबून आलेलं गिऱ्हाईक त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरात असतं, जिथे यूपीआयची लिंक किंवा फाइल उतरवणं चालेलच याची खात्री नाही. म्हणून तिन्ही वाटा पानावर ठेवा: लिंक, क्यूआर, आणि कॉपी करता येईल असा यूपीआय आयडी.

पावती नव्या टॅबमध्ये उघडत असाल तर एक खाच आहे. बटण दाबलं, सर्व्हरकडून पावती मागवली, ती आल्यावर टॅब उघडला, हा क्रम सफारी अडवते. तिच्या मते दाबण्याचा आणि उघडण्याचा संबंध तुटलेला असतो. पावती आली की "पावती उघडा" अशी साधी लिंक दाखवा. गिऱ्हाईक स्वतः दाबेल.

## ९. तपासणीचा क्रम

देखणेपणा नाही, काम तपासा. "फराळ निवडा, पत्ता लिहा, पैसे भरा, पावती घ्या" हे पूर्ण काम प्रत्येक उपकरणावर एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत करा, या क्रमाने:

1. लॅपटॉपवर क्रोम आणि फायरफॉक्स, ३२० पिक्सेलपासून पूर्ण रुंदीपर्यंत. मग २०० टक्के झूम.
2. प्लेराइटचं वेबकिट. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत) एकही लाल ओळ चालणार नाही.
3. स्वस्त अँड्रॉइड, मोबाइल डेटावर. घरच्या वायफायवर नाही.
4. जुना आयफोन, मग नवा.
5. सॅमसंग इंटरनेट, डार्क मोड चालू करून. हा ब्राउझर रंग स्वतः बदलतो. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो तिथे नाहीसा होतो.
6. इन्स्टाग्रामच्या आतून उघडून.
7. जुना विंडोज संगणक.

पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक बदलानंतर करा, बाकीच्या साइट चालू करण्याआधी आणि दर मोठ्या बदलानंतर. तिसरी पायरी मी दादर ते ठाणे प्रवासात करते. नेटवर्क येत-जात असताना "ऑर्डर द्या" दोनदा दाबलं तर दोन ऑर्डर जातात का, हे घरात बसून कळत नाही. उन्हात पडदा वाचता येतो का, तेही दारात उभं राहिल्यावरच कळतं.

चूक सापडली की आधी ती कुठल्या इंजिनची आहे ते ठरवा. एकाच इंजिनवर असेल तर "कॅन आय यूज" बघा. सगळ्या इंजिनांवर पण एकाच रुंदीला असेल तर मांडणी बघा. एकाच फोनवर असेल तर त्याची भाषा, अक्षरांचा मोठा केलेला आकार आणि डार्क मोड बघा. ब्राउझरचं नाव वाचून "सफारी असेल तर असं करा" असा कोड लिहू नका. ती नावं एकमेकांची नक्कल करतात. क्रोमच्या ओळखीतही सफारीचं नाव असतं. सोय आहे का ते विचारा, सीएसएसमध्ये सपोर्ट्सच्या नियमाने आणि जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन आहे का ते बघून.

## १०. "चालत नाहीये" असा फोन आला तर

गिऱ्हाइकाला ब्राउझरची आवृत्ती विचारू नका. "काकू, फोन कुठला आहे? लिंक कुठून उघडलीत, व्हॉट्सॲपवरून की इन्स्टाग्रामवरून? आणि पडद्याचा फोटो पाठवता का?" एवढं पुरतं. फोटोत वरची पट्टी, कीबोर्ड आणि फोनची भाषा दिसते, निम्मं निदान तिथेच होतं. मग तोच फोन किंवा त्याच इंजिनचा फोन घेऊन चूक स्वतः घडवून बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोडला हात लावू नका.

दुरुस्ती झाली की सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फाइलच्या नावातली आवृत्ती बदला. नाहीतर काकूंचा फोन साठवलेली जुनी फाइलच दाखवत राहील. त्यांना पान पुन्हा उघडायला सांगा, ऑर्डर पूर्ण होईपर्यंत फोनवर थांबा, आणि ती चूक पहिल्या टप्प्यातल्या कागदाच्या मागे फोनच्या नावासकट लिहून ठेवा. पुढच्या साइटची यादी करताना तो कागद समोर घ्या.